आई म्हणते, ‘पेसमेकर बसवलात तर जीव आत अडकेल’

सूरसागरकाठ · ११ नोव्हेंबर, रात्री १०.४०

दिवाळीच्या आधी आई चकलीचं पीठ मळता मळता कलंडली. गरगरतंय, अंधारी येतेय, असं काही म्हणालीच नाही. बोलता बोलता वाक्य अर्ध्यात तुटलं आणि ती परातीवर. मिस्टरांनी धरलं तोवर शुद्धीवर येऊन उलट आम्हालाच विचारते, ‘मला का धरून बसलाय? तेल तापलंय तिकडे.’ वय ७८. बडोद्यात दांडिया बाजारातलं जुनं घर, उभा लाकडी जिना.

ईसीजीत ‘ठोके जरा कमी’ एवढंच निघालं. मग २४ तासांचं होल्टर, म्हणजे दिवसभर ठोके नोंदवणारं यंत्र, लावलं. त्यात दिवसाढवळ्या, ती टीव्ही बघत असताना, ४.२ सेकंदांचा पॉज, तेवढा वेळ ठोकाच नाही. सरासरी ठोके ४६. डॉक्टर म्हणाले सिक सायनस, म्हणजे ठोका जिथून सुटतो ती जागाच बिघडलीय. ड्युअल चेंबर (वरच्या आणि खालच्या दोन्ही कप्प्यांत तार असलेला) पेसमेकर लागेल, फार दिवस काढू नका. सोबत तीन किमतींचा कागद दिला. तिसरी किंमत पहिलीच्या जवळजवळ दुप्पट.

पण आई ऐकत नाही. तिचे शब्द जसेच्या तसे लिहिते: ‘यंत्र बसवलंत की प्राण जायचे नाहीत. सगळं संपलं तरी ते आपलं टिकटिक करत राहील आणि जीव आत अडकेल. आक्काचे हाल बघितलेत मी.’ आक्का म्हणजे मोठी मावशी, शेवटचे १९ दिवस व्हेंटिलेटरवर होती. मला यावर काही बोलताच आलं नाही.

पुण्याचा भाऊ फोनवरून डॉक्टर झालाय. काल म्हणाला गोळ्यांनी होतं, आज म्हणतो तार नसलेला पेसमेकर मागा. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनी सांगा ना. पुस्तकी नको, घरात काय झालं ते सांगा.

वाडीतला_बापू · ११ नोव्हेंबर, रात्री ११.१५

आमच्या बाबांना २०११ मध्ये बसवला. तास-दीड तासाचं काम. पूर्ण भूल देत नाहीत, डाव्या बाजूला गळ्याच्या हाडाखाली बधिर करतात. बाबा टेबलावर पडल्या पडल्या डॉक्टरांना खंडेराव मार्केटमधले वांग्यांचे भाव सांगत होते. २०२२ मध्ये बॅटरी संपत आली तेव्हा फक्त डबी बदलली, आतल्या तारा त्याच ठेवल्या. दुसऱ्या दिवशी घरी.

त्रास झाला तो वेगळाच. बाबा यंत्राला इतके जपायला लागले की डाव्या हाताने चहाचा कपसुद्धा उचलेनात. दोन महिन्यांत खांदा आखडला. हृदय ठणठणीत आणि सदरा घालायला मात्र माणूस लागायचा!

होल्टरवाला_निवृत्त · १२ नोव्हेंबर, सकाळी ६.५०

३१ वर्षं कॅथलॅबमध्ये (हृदयात तारा-नळ्या घालतात त्या खोलीत) टेक्निशियन होतो. डॉक्टर नाही, तेव्हा माझं लिहिणं प्रिस्क्रिप्शन समजू नका.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात सायनस नोड नावाचा पेशींचा पुंजका असतो. तो मिनिटाला ६० ते १०० वेळा हुकूम सोडतो. हुकूम मधल्या एव्ही नोडपाशी क्षणभर थबकतो आणि मग खालच्या कप्प्यांत जातो. बिघाड दोन जागी होऊ शकतो. एक, वरून हुकूमच सुटत नाही. आईंचं हे. दोन, सुटतो पण मधल्या वाटेत अडतो, त्याला हार्ट ब्लॉक म्हणतात. (रक्तवाहिनीतलं ‘ब्लॉकेज’ ते निराळं. अर्धं बडोदं यात घोळ घालतं आणि पेसमेकरवाल्याला विचारतं, ‘किती टक्के होतं?’) पडणारा माणूस दोन्हींत सारखाच पडतो, पण यंत्र कोणतं ते यावरून ठरतं. म्हणून हॉस्पिटलात ‘कुठल्या कंपनीचा’ हे नंतर. आधी ‘दोष नक्की कुठे आहे’ हे विचारायचं.

पेसमेकर बहुतेक वेळ गप्प बसून ऐकतो. ६० वर लावला असेल तर एक सेकंद वाट बघतो, आपला ठोका आला तर काही करत नाही, नाही आला तर एक-दोन व्होल्टचा झटका देतो, तोही मिलिसेकंदाहून कमी वेळ. माणसाला कळतसुद्धा नाही.

भावाला सांगा, ठोके कायमचे वाढवणारी भरवशाची गोळी नाही. कमी करणाऱ्या मात्र ढीगभर आहेत! तार नसलेला पेसमेकर असतो, दोनेक ग्रॅमचा, मोठ्या कॅप्सूलएवढा, जांघेतल्या शिरेतून नेतात. पण त्यातली साधी जात खालच्या कप्प्यात बसते आणि आईंचा दोष वरच्या कप्प्यात आहे.

आता माझा प्रश्न. आई कोणती औषधं घेतात? बीपीची, धडधडीची, सगळी लिहा. थायरॉइड आणि पोटॅशियम तपासलं का? आणि डोळ्यात काही थेंब घालतात का?

तिखट_शेवउसळ · १२ नोव्हेंबर, सकाळी ९.०५

डोळ्यातल्या थेंबांचा हृदयाशी काय संबंध काका?

बाकी ताई, सावध राहा. आमच्या काकांना कायमचं एट्रियल फिब्रिलेशन (एएफ), म्हणजे वरचे कप्पे नुसते थरथरतात. ठोके फार मंदावले म्हणून एका हॉस्पिटलात (नाव लिहीत नाही) ड्युअल चेंबर बसवला. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं, ‘वरची तार कशाला घातली?’ थरथरणाऱ्या कप्प्याला ठोका देऊन उपयोग काय! पैसे गेले. मागितलं काय, दिलं काय, आम्हाला कळलंच नाही. म्हणून माझा या सगळ्यावर विश्वास नाही.

होल्टरवाला_निवृत्त · १२ नोव्हेंबर, सकाळी ९.४०

शेवउसळ, तक्रार रास्त आहे. कायमचं एएफ असेल तर साधारणपणे खालच्या कप्प्यात एक तार पुरते. पण त्यावरून सूरसागरताईंच्या आईंचं ठरवू नका. त्यांचे वरचे कप्पे व्यवस्थित आकुंचन पावताहेत, हुकूम तेवढा चुकतोय. अशांना नुसती खालची तार दिली तर वरचा-खालचा मेळ बिघडतो, मानेत धडधड, थकवा, पुन्हा घेरी. एकाला जी उधळपट्टी, ती दुसऱ्याची गरज.

आणि काकांच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत ना? पेसमेकरने एएफ जात नाही, गुठळी होऊन लकवा मारायचा धोका तसाच राहतो. ‘मशीन बसवलंय आता’ म्हणून गोळ्या सोडलेले मी पाहिलेत.

थेंबांचं असं: काचबिंदूच्या काही थेंबांत टिमोलोल असतं. ते बीटा ब्लॉकर आहे. डोळ्यातून नाकात आणि नाकातून रक्तात जातं. म्हाताऱ्या माणसाचे ठोके उतरवायला तेवढं पुरतं.

सूरसागरकाठ · १२ नोव्हेंबर, दुपारी १.२०

काका, फ्रिजच्या दारातली बाटली काढून वाचली. टिमोलोल! चार वर्षं दोन वेळा घालतेय. बीपी-थायरॉइडच्या गोळ्या सगळ्या सांगितल्या होत्या, थेंब कुणी विचारले नाहीत आणि आम्हाला ते ‘औषध’ वाटलंच नाही. संध्याकाळी हृदयाच्या आणि डोळ्याच्या दोन्ही डॉक्टरांना विचारते.

सूरसागरकाठ · १३ नोव्हेंबर, रात्री ८.००

डोळ्याच्या डॉक्टरांनी थेंब बदलून दिले. (मनाने बंद करू नका म्हणाले, काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही.) हृदयाचे डॉक्टर थोडे दिवस थांबायला तयार झालेत, पण तिला एकटं सोडायचं नाही, न्हाणीघराला कडी लावायची नाही, जिना बंद. आई खूश. भाऊ तर काय, ‘बघ, मी म्हटलं नव्हतं?’ त्याने थेंबांबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

कारेलीबागची_माया · १३ नोव्हेंबर, रात्री ९.३०

ताई, माझं उलटं प्रकरण. माझे ठोके पळायचे. वय ३८. अकोट्याच्या सिग्नलला उभी असताना एकदम १९०. छाती नव्हे, गळ्यात बेडूक उड्या मारतोय असं वाटायचं. सहा वर्षं ‘टेन्शन आहे’, ‘गॅस आहे’, ‘योगा करा बेन’. कारण दवाखान्यात पोचेपर्यंत थांबायचं आणि ईसीजी नॉर्मल यायचा. शेवटी एकदा चालू धडधडीत ईसीजी मिळाला, तेव्हा निदान झालं: एव्ही नोडपाशी दोन वाटा आहेत आणि करंट त्यांत गोल गोल फिरतो. त्या दिवशी शिरेतून एडिनोसिन नावाचं औषध दिलं. काही सेकंद वाटलं, संपलं सगळं. मग एकदम शांत.

पुढे अब्लेशन केलं. जांघेतून तारा नेऊन ती जास्तीची वाट जाळतात. नव्वद-पंच्याण्णव टक्क्यांहून जास्त लोकांचं एकदाच्या अब्लेशनने काम होतं, असं आधी सांगितलं होतं, आणि हेही, की चुकून मुख्य वाटेला इजा झाली तर पेसमेकर लागू शकतो. शंभरात एखाद्याला. सही करताना हात थरथरला माझा. यंदा नऊच्या नऊ रात्री गरबा खेळले, अनवाणी.

तुम्हाला कुणी ‘अब्लेशन करा, पेसमेकर नको’ सांगितलं तर ऐकू नका. जास्तीची वाट जाळता येते. न सुटणारा ठोका कसा जाळणार?

सूरसागरकाठ · २८ नोव्हेंबर, सकाळी ११.१०

पुन्हा पडली. देवघरासमोर. भुवईवर तीन टाके. मधे आठ-दहा दिवस ठोके ५२-५४ होते, आम्ही निर्धास्त झालो होतो. परत होल्टर: ५.१ सेकंद. थेंबांनी भर घातली होती, मूळ दुखणं नोडचंच, असं डॉक्टर म्हणाले. आता थांबायचं नाही.

पण आई तिथेच अडलीय. ‘पडले तर पडले, मरण तरी सोपं येईल.’ काय सांगू तिला?

पुन्हा_चालू · २८ नोव्हेंबर, दुपारी १२.३०

मी सांगतो. माझ्या छातीत आयसीडी आहे. पेसमेकरचा दांडगा भाऊ. २०१९ मध्ये मोठा अटॅक आला, त्यानंतर हृदयाचं पंपिंग ३० टक्क्यांवर आलं. अशा हृदयात खालचे कप्पे अचानक वेडेवाकडे फडफडू शकतात, मग रक्तच पुढे जात नाही. आयसीडी ते ओळखून आतल्या आत शॉक देतो. मिरोव्स्की नावाच्या डॉक्टरांचे वरिष्ठ सहकारी असेच अचानक गेले, तेव्हापासून त्यांनी या यंत्राचा ध्यास घेतला. १९८० मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये पहिल्या माणसाला बसवला.

मला एकदाच शॉक बसला. मांडवीत भाजी घेत होतो. घोड्याने छातीवर लाथ घालावी तसं. पिशवीतले टोमॅटो रस्त्यावर आणि मी उभाच! तो शॉक नसता तर हे टाइप करायला मी नसतो.

आता आईंचा प्रश्न. मला तो हास्यास्पद वाटत नाही, मीही हाच विचारला होता. शेवटच्या दुखण्यात अंथरुणावर असताना हे यंत्र मला शॉक देत बसेल का? डॉक्टर म्हणाले, शॉकचा भाग बाहेरून, न कापता, बंद करता येतो. माझी इच्छा मी बायकोला लिहून दिलीय. आईंच्या यंत्रात तर शॉक नाहीच.

होल्टरवाला_निवृत्त · २८ नोव्हेंबर, दुपारी २.१५

ताई, आईंना असं सांगून बघा. व्हेंटिलेटर श्वास घेतो माणसाच्या वतीने. पेसमेकर हृदयाच्या वतीने काहीही करत नाही, तो फक्त हाक मारतो. ओ द्यायची की नाही ते स्नायूचं काम. माणूस जातो तेव्हा प्राणवायू संपतो, रक्तातलं आम्ल वाढतं, स्नायू ओ देईनासा होतो. यंत्र हाका मारत राहतं, पण ऐकायला कुणी नसतं. मी मॉनिटरवर पाहिलंय, पेसमेकरच्या उभ्या रेघा चालू आणि पुढे काहीच नाही. त्याने कुणाचा जीव अडकला नाही. जाणारे जातात, पेसमेकर घेऊनच जातात. कॅन्सरने, न्यूमोनियाने, म्हातारपणाने.

जगात पहिला पूर्ण आत बसवलेला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ ला स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन नावाच्या माणसाला बसवला. बुटाच्या पॉलिशच्या डबीचा साचा करून ओतलेलं यंत्र, काही तासच चाललं. मग दुसरं, मग तिसरं. आयुष्यात विसाहून अधिक यंत्रं बदलली. ज्या सर्जनने ते बसवलं आणि ज्या इंजिनिअरने ते घडवलं, त्या दोघांनंतरही हा माणूस जिवंत होता. गेला २००१ मध्ये, ८६ व्या वर्षी, कॅन्सरने. यंत्राने त्याला अडवून ठेवलं नाही.

वाडीतला_बापू · २८ नोव्हेंबर, दुपारी ३.००

विषय निघालाच आहे तर एक सांगतो, वाईट वाटून घेऊ नका. आमच्या शेजारच्या आजोबांना अग्नी दिला तेव्हा चितेतून बंदुकीसारखा आवाज झाला. बॅटरी बंदिस्त असते, तापली की फुटते. घरच्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. दहनाआधी डॉक्टरांकडून छोटा छेद देऊन काढून घ्यायची असते. घरातल्या दोघांना तरी हे माहीत हवं.

तिखट_शेवउसळ · २८ नोव्हेंबर, दुपारी ३.२०

बापू, आईंना हे वाचून दाखवणार का? 😄

सूरसागरकाठ · २८ नोव्हेंबर, रात्री ९.४५

दाखवलं! सगळं वाचून दाखवलं, बापूंचंसुद्धा. लार्सनचं ऐकून काही बोलली नाही. ‘हाक मारतो, ओ द्यायची की नाही ते आपलं’ हे दोनदा वाचायला लावलं. आणि बापूंचं ऐकल्यावर म्हणाली, ‘म्हणजे निघतं ते बाहेर? मग ठीक आहे. तुझ्या भावाला लिहून ठेवायला सांग, तो विसरतो.’

किमतीच्या कागदाचंही विचारलं. दुसरा आणि तिसरा, दोन्ही ड्युअलच. फरक एमआरआय चालण्याचा.

होल्टरवाला_निवृत्त · २८ नोव्हेंबर, रात्री १०.१०

गुडघे, कंबर, मेंदू... ७८ नंतर एमआरआय कधी लागेल सांगता येत नाही, परवडत असेल तर घ्या. पण डबी आणि तारा दोन्ही त्या जातीच्या हव्यात, नुसत्या डबीचा उपयोग नाही. कार्डावर तसं लिहून घ्या. आणि ७० च्या पुढच्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न बघता आयुष्मान कार्ड मिळतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत. यादीतल्या हॉस्पिटलात जाऊन ‘कोणता पेसमेकर पॅकेजमध्ये बसतो’ हे दाखल व्हायच्या आधी विचारा, नंतर नव्हे.

सूरसागरकाठ · ७ डिसेंबर, सायंकाळी ५.३०

५ तारखेला झालं. आज घरी आणली. सव्वा तास लागला. आतून बाहेर आल्या आल्या तक्रार: ‘गार होतं आत, आणि तो मुलगा गुजराती गाणी गुणगुणत होता, सुरात नव्हता.’

डबी साधारण बिस्किटाएवढी, उंचवटा दिसतो. ब्लाउजची कडा आणि आतला पट्टा नेमका तिथेच घासतो, हे कुणीच आधी सांगत नाही! सगळे पुरुष डॉक्टर. शेवटी मलमलचा तुकडा दुमडून खाली ठेवला. टाके सुकेपर्यंत पाणी लावायचं नाही, आणि सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, तारा रुजेपर्यंत सुटू शकतात म्हणून.

तिखट_शेवउसळ · ७ डिसेंबर, सायंकाळी ६.००

अभिनंदन ताई! आता मोबाइल, इंडक्शन आणि गरबा, तिन्हींचं काय ते सांगा. काकांना सगळेच घाबरवतात.

होल्टरवाला_निवृत्त · ७ डिसेंबर, रात्री ७.४५

मोबाइल उजव्या कानाला, यंत्रापासून वीतभर लांब. वरच्या खिशात नाही. ज्या फोनच्या पाठीत चुंबक असतो तो तर नाहीच. इंडक्शनच्या शेगडीपासून दोन फूट. मिक्सर, टीव्ही, मायक्रोवेव्ह खुशाल. विमानतळावर कार्ड दाखवायचं, चौकटीतून चालत जायचं, तिथे रेंगाळायचं नाही. मोठ्या स्पीकरला टेकून उभं राहू नका, त्यात जबर चुंबक असतो. एरवीही कान फुटतात.

गरबा चालतो, आणि त्यात एक गंमत आहे. बऱ्याच पेसमेकरांत हालचाल ओळखणारा सेन्सर असतो. शरीर हललं की ठोके वाढवतो. टाळ्या वाजवत गोल फिरणाऱ्या माणसाचं त्याला चटकन कळतं. पण जागच्या जागी सायकल मारणाऱ्याची छाती हलत नाही, त्याचं उशिरा कळतं. आणि खड्ड्यातून रिक्षात बसलात तर त्याला वाटतं तुम्ही पळताय!

कारेलीबागची_माया · ७ डिसेंबर, रात्री ८.१०

म्हणजे आपल्या रस्त्यांवर काकूंचा व्यायाम फुकट.

सूरसागरकाठ · १५ जानेवारी, सकाळी ८.३०

काल उत्तरायण. तुम्ही हिशेब केला असेल, ५ डिसेंबरपासून सहा आठवडे १६ जानेवारीला होतात. दोन दिवस कमी! आईला सांगितलं, पतंग नाही. म्हणाली, ‘मी पतंग म्हटलंच नाही, फिरकी म्हटलं.’ फिरकी कमरेपाशी धरतात, नियमात बसते.

एकेक पायरी थांबत थांबत गच्चीवर चढली. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा. खुर्ची, शाल, डोक्याला रुमाल, मांडीवर उंधियूची वाटी. नातू पेच लढवतोय आणि ही फिरकी सोडतेय, आखडतेय, त्याला शिव्या घालतेय. दुपारी समोरच्या गच्चीवरचा मोठा काळा पतंग कापला तेव्हा ‘लपेऽऽट!’ म्हणून अशी ओरडली, आणि हात वर गेला. आम्ही सगळे जागच्या जागी गोठलो.

उजवा होता. डाव्यात फिरकी होती, मांडीवरच.

होल्टरवाला_निवृत्त · १५ जानेवारी, सकाळी ९.००

उद्यापासून डावा पण वर करू द्या, हळूहळू, भिंतीवर बोटं चढवत. तपासणीच्या दिवशी डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. बापूंच्या बाबांचा खांदा लक्षात आहे ना?

वाडीतला_बापू · १५ जानेवारी, सकाळी ९.२०

अजून सदरा मीच घालतो त्यांना.